चिचटोल्याची बसणावळ

गुणवंतराव बोरकुटे यांच्या हातून तोवर तीन कामे झाली होती, म्हणजे झाली नव्हती. एक पूल पलीकडच्या काठाला चार हातांनी कमी पडून थांबला होता. एका विश्रामगृहाला सगळे काही होते, फक्त छप्पर नव्हते. तिसरी होती शाळा. तिचे दरवाजे आले तेव्हा भिंती नव्हत्या, आणि भिंती उभ्या राहिल्या तेव्हा दरवाजे कोणीतरी नेले होते. यातले एकही काम चुकीचे बांधलेले नव्हते, हे मात्र कबूल करायला हवे. जेवढे होते तेवढे उत्तम होते. नागपूरला शिकलेला इंजिनियर, ओळंबा सरळ, आकडे चोख. तारीख उजाडली की काम तेवढे तिथे नसे.

अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत त्यांना धानोऱ्याच्या अलीकडे, जंगलातल्या चिचटोल्याला पाठवण्यात आले. सोबतच्या पत्रात दोनच ओळी होत्या. तलावाचे तुडूम एकतीस मेपर्यंत पुरे करावे. न झाल्यास आपली हंगामी नेमणूक त्याच दिवशी संपली असे समजावे.

तुडूम म्हणजे तलावाच्या मातीच्या पाळीच्या पोटातली दगडी मोरी. तिच्यातून धानाच्या बांध्यांना, म्हणजे खाचरांना, पाणी सोडतात. जुने तुडूम ढासळले होते. नवे बसवायचे तर पाळ फोडावी लागणार, आणि फोडलेली पाळ मृगाच्या आत बुजवली नाही तर तलावात वर्षभर पाणी ठरणार नाही. गावाचे धान जाईल, ढिवरांची मासोळी जाईल आणि त्यामागोमाग गुणवंतराव जातील. त्यांनी आल्याआल्या पाळ फोडली. या बाबतीत ते कधीच मागे पडत नसत. त्यांच्या आजवरच्या चाकरीत फोडण्याची कामे नेहमी वेळेवर झाली होती.

फेब्रुवारी सरता सरता ते पाळीवर उभे राहिले आणि त्यांना सगळीकडे बसलेली माणसे दिसली. गवंडी मोहाच्या झाडाखाली बसले होते. चुना दळायच्या घाणीचे रेडे बसले होते. मनकर्णाबाईची बायांची टोळी टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसली होती. तलावात पाणी नव्हते, तरी तलावाची राखण करायला नेमलेला इस्तारी ढिवर पाळीच्या टोकाला गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. इस्तारीचे बसणे पाहण्यासारखे होते. साठ वर्षे गरी टाकून बसल्यामुळे त्यात एक प्रकारचा सराव दिसे.

"इस्तारीभाऊ, हे सारे काऊन बसले आहेत?" गुणवंतरावांनी विचारले.

"काऊन नोका विचारू जी. कोनासाठी, थे विचारा."

"बरं, गवंडी कोणासाठी बसले?"

"चुन्यासाठी."

"आणि चुना?"

"चुना अजून दगडच हाय. पोचूची चुनाभट्टी लाकडासाठी बसली हाय."

"लाकडं तर तोडून पडली आहेत. मी स्वतः पाहिली."

"पडली हायेत ना. पन शिक्का नाई. नाकेदार शिक्का मारन तवा उचलाची."

गुणवंतराव जंगल खात्याच्या नाक्यावर गेले. नाकेदार दादाजी खाटेवर बसला होता. लाकडाला शिक्का मारायचा तर शिक्क्याचा हातोडा लागतो, हातोडा दोन नाक्यांत मिळून एक, आणि तो मुरूमगावच्या नाकेदाराकडे होता. मुरूमगावचा नाकेदार साळ्याच्या लग्नाला गेला होता. सरकारी वस्तू मागे बेवारस ठेवू नये, असा नियम असल्याने हातोडाही लग्नाला गेला होता.

"मंग आता, दादाजी?"

"वरात परत आली का हातोडा येते, सायेब. मी पन त्याचसाठी बसून राह्यलो."

गुणवंतराव परतले ते चालता चालता थांबत, थांबता थांबता पुटपुटत. पूल का राहिला होता हे त्यांना पाच वर्षांनी कळत होते. आजवर ते कामाकडे गेले की जे काम करत असत त्यांच्यावर ओरडत: हात उचला, जोर लावा. जो काम करतो आहे त्याच्यावर ओरडून काहीच होत नाही. शोधायचा तो बसलेला माणूस, आणि तोही पहिला नाही, शेवटचा. रांगेच्या अगदी टोकाला जो बसलेला असेल त्याला उठवले की बाकीचे आपोआप उठतात. शंभर मजूर, चार रेडे आणि नव्वद एकरांचा तलाव एका हातोड्यासाठी बसला होता, आणि हातोडा जेवणावळीत होता.

इस्तारी दुसऱ्या दिवशी लग्नघरी जाऊन हातोडा घेऊन आला. येताना मांडवातले जेवूनही आला, त्यामुळे त्याला एक दिवस उशीर झाला. पोचूची भट्टी पेटली.

गुणवंतरावांना आता चैन पडेना. त्यांनी मनकर्णाबाईच्या घराची रस्त्याकडची भिंत मागितली. ती भिंत गावात सगळ्यांत लांब होती आणि नुकतीच पांढऱ्या मातीने सारवलेली होती. मनकर्णाबाईने "पोरीचं लगन काढलं का आमचं?" एवढेच विचारले आणि गेरू कालवून दिला. भिंतीवर एकेका कामाचे एकेक गोल निघाले, एका गोलातून दुसऱ्याकडे बाण. ज्याच्या पोटात बाण घुसतो तो, ज्याच्याकडून बाण येतो त्याच्यासाठी बसतो. सगळ्या रांगांमध्ये जी रांग सर्वांत लांब भरली, तिच्यावर त्यांनी गेरूचा जाड पट्टा ओढला. या पट्ट्यावर कोणी एक दिवस बसला की तुडूम एक दिवस बसले. पट्ट्याबाहेरचा थोडाफार बसला तरी चालेल.

"वंशावळ रायते ना जी," इस्तारी भिंतीकडे बघून म्हणाला, "तशी हे बसनावळ."

नाव पक्के झाले. लोक येता-जाता बसणावळ वाचू लागले. अक्षर येत नव्हते त्यांचे काही अडले नाही, कारण प्रत्येक गोलात मनकर्णाबाईने ज्याचे त्याचे चित्र काढले होते. गवंड्याला थापी, पोचूला धूर, नाकेदाराला मिशा. पट्ट्यावर आपले चित्र आले आहे हे कळल्यावर दादाजी नाकेदार दोन दिवस नीट जेवला नाही.

मार्चच्या मध्यावर मात्र गुणवंतरावांनी भिंतीवर काळ्या कोळशाने एक मोठा चौकोन काढला आणि त्यात लिहिले: तीन आठवडे, नुकसान. मोह टपकायला लागला होता. मोहफूल पडू लागले की पहाट फुटायच्या आत अख्खे गाव टोपल्या घेऊन रानात जाते, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या तिन्ही कामांच्या अहवालांत ही ओळ होती: मोहामुळे मजूर गैरहजर.

मनकर्णाबाईने चौकोन पाहिला. "हे काय लिवलं, सायेब?"

"तुम्ही जाणार ना मोह वेचायला?"

"जाऊच. थे का लपवाची गोष्ट हाय? पन नुसकान काऊन लिवलं? मोह का अचानक येते? माह्या आजीपासून याच दिसात पडून राह्यला."

"अहो, पण तीन आठवडे काम बंद."

"भट्टीतला चुना निंगाला का लगेच लावता का तुमी?"

"नाही. कुंडात भिजवून मुरवावा लागतो."

"किती दिस?"

गुणवंतरावांनी वही उघडून आकडा पाहिला, मग भिंतीवरचा चौकोन पाहिला.

"तीन आठवडे," ते म्हणाले.

"मंग चुन्याले बसू द्या कुंडात. त्याले बसाचंच हाय. आमी मोह येचून येतो." तिने चौकोन ओल्या फडक्याने पुसला आणि तिथे एक मोहाचे झाड काढले, खाली कुंड काढले. चित्र फार सुरेख झाले होते.

कोणाला तरी बसायचेच असेल तर त्याच दिवसांत दुसऱ्याचे उठणे घालायचे. गुणवंतरावांनी हे वाक्य वहीत लिहून खाली दोनदा रेघ मारली. पुढे बऱ्याच वर्षांनी, साऱ्या राज्याची धरणे वेळेवर बसवणारा माणूस म्हणून त्यांचा हार घालून सत्कार झाला, तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितले की समुद्रापलीकडेही याच सुमारास लोकांनी असलेच गोल आणि बाण काढले होते, आणि तेही गणकयंत्रावर. "असतील," ते म्हणाले, "पण त्यांच्याकडे मोह नव्हता."

एप्रिलच्या मध्यात चुना मुरला, मोह वाळला आणि गवंडी उठले. तुडुमाची भिंत रोज चार बोटे वर येऊ लागली. आयुष्यात प्रथमच गुणवंतराव ठरल्यापेक्षा दोन दिवस पुढे होते. या आनंदात त्यांनी एक चूक केली.

त्यांनी वर अहवाल पाठवला.

जिल्हा जागचा न हलता मुंबई राज्यात गेल्याला दीड वर्ष झाले होते, आणि वरच्या कचेरीने नवीनच हुकूम काढला होता की यापुढे सर्व टिपणे मराठीत यावीत. आता 'बसणावळ' हा शब्द काही सरकारी कागदावर लिहिण्यासारखा नव्हता. सरकारी खात्यात बसण्यावर टिपण पाठवले तर ते कोणाला ना कोणाला लागणार. गुणवंतरावांनी एक सकाळ विचार केला आणि छान भारदस्त मथळा लिहिला: 'निकडीचा मार्ग'. खाली वर्णन दिले: हा मार्ग पोचूच्या भट्टीपासून निघून तुडुमापर्यंत जातो. त्यावर सात टप्पे आहेत. मध्ये कोठेही थांबता येत नाही. याच मार्गाकडे खात्याने सर्वाधिक लक्ष पुरवावे.

उत्तर चार दिवसांत आले. इतक्या लवकर उत्तर आल्याचे त्या कचेरीच्या इतिहासात कोणाला आठवत नव्हते. सदरहू मार्गाची लांबी, रुंदी व मोऱ्यांची संख्या कळवावी.

गुणवंतरावांनी त्याच दिवशी खुलासा धाडला की हा मार्ग जमिनीवर नाही.

त्यावर विचारणा झाली की मार्ग जमिनीवर नसल्यास तो हवेतून तारेने नेण्याचा विचार आहे काय. असल्यास खांबांचा तपशील जोडावा. जंगल खात्याचे वेगळे पत्र आले, की नियोजित मार्गात येणाऱ्या सागाच्या झाडांची मोजणी झाल्याखेरीज हरकत नाही असे म्हणता येणार नाही, आणि हरकत आहे असेही म्हणता येणार नाही.

गुणवंतरावांनी पुन्हा लिहिले: हा मार्ग माणसांना चालण्यासाठी नसून कामांचा आहे. हे पत्र वर गेले आणि तिथे कोणीतरी शेरा मारला: कामांसाठीचा मार्ग, नोंद घेतली.

मे महिन्याच्या पाच तारखेला मोठ्या साहेबांच्या सहीचा हुकूम आला. गुणवंतरावांनी तो भिंतीपुढे उभे राहून वाचला आणि तिथेच खाली बसले. तलावाचे काम साधारण स्वरूपाचे असून मार्गाचे काम, नावावरून दिसते त्याप्रमाणे, निकडीचे आहे. सबब तलावावरील सर्व मजूर, गवंडी व सामान मार्गाकडे वळवावे. आखणीचा नकाशा आपण जंगल खात्याकडे पाठवून त्यांची संमती येताच हे अमलात आणावे.

"का झालं जी?" इस्तारीने विचारले. त्यांना बसलेले त्याने आजवर पाहिले नव्हते.

त्यांनी हुकूम वाचून दाखवला. तुडूम छातीपर्यंत आले होते. पाळीचे भगदाड अजून तसेच उघडे होते. तेंदूपाने तोडायला गेलेली माणसे पंधरा-वीस तारखेला परतणार होती, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांत सगळ्या गावाने माती टाकून पाळ बुजवायची होती. ती माणसे जर उचलून रानात, नसलेल्या रस्त्याला लावली, तर मृगात तलाव म्हणजे एक मोठी मोरी होणार होती.

"तुमी कागदावर बसनावळ काऊन नाई लिवली?" मनकर्णाबाईने विचारले.

"बरं दिसलं नसतं, बाई."

"आता लय बरं दिसून राह्यलं."

गुणवंतरावांनी हुकुमाची घडी घालून वहीत ठेवली.

मनकर्णाबाईने गेरूचे भांडे आणले. भिंतीवर थोडी जागा उरली होती. "सांगा. मोठे सायेब कोनासाठी बसले हायेत?"

"जंगल खात्याच्या संमतीसाठी."

तिने एक गोल काढला, त्यात टोप काढला. दुसरा काढला, त्यात झाड. "जंगलवाले कोनासाठी?"

"नकाशासाठी."

तिसरा गोल. "नकाशा कोनासाठी बसला?"

गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. इस्तारी त्यांच्याकडे बघत होता, मनकर्णाबाई बघत होती, नाक्यावरून सहज आलेला दादाजीही बघत होता. रांगेचे टोक सापडले होते. टोकाला चष्मा लावून गुणवंतराव बसले होते.

"माझ्यासाठी," ते म्हणाले.

मनकर्णाबाईने चौथ्या गोलात चष्मा काढला. "मंग झालं ना. तुमी उठू नोका."

हे सांगायला सोपे होते. गुणवंतरावांनी हयातीत एका पत्राचे उत्तर दुसऱ्या दिवसावर टाकले नव्हते. नकाशा मागितला आणि दिला नाही, या कल्पनेनेच त्यांची बोटे दौतीकडे जात. पहिल्या दिवशी त्यांनी नसलेल्या रस्त्याचा निम्मा नकाशा काढला, आणि इस्तारीने तो हातातून काढून घेतला.

"बसता येत नाई तुमाले. इथी या, माह्याजवळ." त्याने पाळीवर जागा करून दिली. "पाठ सैल सोडा. घडीघडी उठून पाह्यचं नाई."

"मी रिकामा बसलो तर मला कसंसंच होतं, इस्तारीभाऊ."

"रिकामा कोन बसला? गरी टाकून बसलेला मानूस काम करून रायते. फक्त थे दिसत नाई. तुमच्या खात्यात मोठमोठे लोक करतात, तुमाले काऊन जमू नये?"

हळूहळू जमले. वरून पहिले स्मरणपत्र आले, तेव्हा गुणवंतरावांनी लिहिले की नकाशाचे काम एका बाबीसाठी अडून आहे. हे खरे होते. दुसरे स्मरणपत्र लाल शाईत आले. त्यांनी कळवले की सदर बाब अद्याप बसलेली आहे. हेही खरे होते. तिकडे तुडूम खांद्याला आले, मग डोक्याला. वीस तारखेला तेंदूपानवाले परतले आणि टोपल्या चालू झाल्या. मनकर्णाबाईची टोळी माती टाकत होती, पोचूच्या भट्टीवरचे लोक धुमुस मारून ती बसवत होते, आणि इंजिनियर पाळीवर बसून होता. त्यांच्या कोणत्याही कामावर इतकी शिस्त कधी नव्हती.

तीस मेच्या दुपारी शेवटची टोपली पडली. पाळ जुळली. इस्तारीने तुडुमाचा लाकडी खुंटा दाबून पाहिला, वर काढला, पुन्हा दाबला आणि मान हलवली. गुणवंतरावांनी ती हललेली मान वहीत तारखेसह नोंदवली.

एकतीस तारखेला सकाळी जीप आली. म्हणजे जीप अर्ध्या कोसावर नाल्यात राहिली आणि मोठे साहेब चालत आले. त्यांच्या टोपात काटे अडकले होते आणि पाटलोण गुडघ्यापर्यंत मातीची होती.

"बोरकुटे," ते म्हणाले, "निकड आहे खरी. मी स्वतः पाहून आलो. रस्ता कुठाय?"

गुणवंतरावांनी त्यांना मनकर्णाबाईच्या भिंतीपुढे नेले. साहेबांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"हा?"

"हो, साहेब. याचं खरं नाव बसणावळ आहे. मी कागदावर लाजलो." आणि त्यांनी सगळे सांगितले, हातोड्यापासून. नकाशा मुद्दाम दाबून ठेवल्याचेही सांगितले. सांगून झाल्यावर त्यांना हलके वाटले, आणि नकाशा दाबणाऱ्याची हंगामी नेमणूक संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही हे आठवून पुन्हा जड वाटले.

साहेबांनी टोपातला एक काटा काढला. मग एका गोलावर बोट ठेवून म्हणाले, "हा टोपवाला मी का?"

"तुमीच जी," मनकर्णाबाई म्हणाली. "टोप बराबर नाई आला."

"आणि हा चष्मेवाला माझ्याआधी बसला म्हणून तुडूम झालं?"

"झालं. पाहून घ्या," ती म्हणाली.

साहेब पाळीवर जाऊन पाहून आले. चुना नखाने खरवडून पाहिला, तो निघाला नाही. ते परत आले तेव्हा भिंतीपुढे अर्धे गाव जमले होते.

"आता पंचाईत अशी की," साहेब म्हणाले, "मार्गाला तत्त्वतः मंजुरी मिळालेली आहे. एकदा मंजूर झालेला मार्ग नाहीच असं लिहायला आमच्याकडे कागदच नाही."

"नाही काऊन म्हनता?" इस्तारी म्हणाला. "करा ना रस्ता. आमी का नोको म्हनलं? तुमची जीप नाल्यात हाय."

गावाने माना हलवल्या. साहेबांनी आपल्या पाटलोणीकडे पाहिले. खात्यात या रस्त्याचा अर्थ समजावून सांगू शकेल असा माणूस दुसरा नव्हता, त्यामुळे बोरकुटे यांना तो पुरा होईपर्यंत कायम ठेवावे लागेल, असे त्यांनी तिथल्या तिथे तोंडी सांगितले. लेखी मागाहून येईल म्हणाले.

"मागाहून नाई," मनकर्णाबाई म्हणाली. ती गेरू कालवत होती. "आधी रस्त्याची बसनावळ होऊ द्या. सांगा सायेब, तुमी लिवाले कोनासाठी बसले हा?"

"माझ्यावर नागपूरची कचेरी आहे, बाई."

तिने गोल काढला. "आन थे?"

"ती मुंबईच्या उत्तरासाठी बसली आहे. राज्य बदललं तेव्हापासून."

"आन मुंबई?"

साहेबांनी टोप काढून काखेत धरला आणि प्रामाणिकपणे विचार केला. मुंबई कोणासाठी बसली आहे, हे त्यांना कधी कोणी विचारले नव्हते. मनकर्णाबाईने मुंबईचा गोल काढला तो भिंतीच्या पार काठावर आला आणि अर्धा कोपऱ्याभोवती वळला. पुढे जागा नव्हती. शेजारची भिंत गुणाबाईची होती, कालच सारवलेली, आणि गुणाबाई हात आडवे करून तिच्यापुढे उभी होती.

"माह्या भिंतीवर मुंबई नोको," ती म्हणाली.

आता मुंबईही गुणाबाईसाठी बसली होती. गुणवंतराव तिची समजूत घालायला पुढे झाले.